दारावरचे नाव

अमेरिकेतील शेतकरी आणि लहान दुकानदार यांच्या जीवनात पिकअप या वाहनाला जे स्थान मिळाले, ते एके काळी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत बैलगाडीला होते. पुढे दोघा-तिघांना बसण्यापुरती केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याला उघड-मिट करणारा फाळका, एवढेच तिचे स्वरूप. बियाणे, खताची पोती, कुंपणाचे खांब, दुधाचे कॅन, लाकूड, लोखंड, जे न्यायचे असेल ते हौद्यात टाकावे आणि निघावे. पूर्वी गिऱ्हाईक मोटार विकत घेई आणि मागचा भाग स्थानिक कारागिराकडून बांधवून घेई. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरना विक्रीस काढली. तेव्हापासून पिकअप हे त्या देशातील कष्टकरी माणसाचे तयार वाहन झाले.

या वाहनाच्या दारावर मालकाच्या दुकानाचे नाव रंगवून घेण्याची पद्धत होती. लाकडाची वखार, हार्डवेअरचे दुकान, दुग्धालय, बियाण्यांचे दुकान. नाव, त्याखाली गावाचे नाव आणि पुष्कळदा आडनावापुढे ‘आणि पुत्र’ अशी अक्षरे. गावचा पेंटर हाताने ती काढी. गाडी जेथे जाई तेथे पेढीचे नाव जाई. मालाचे वजन कमी भरले, दूध वेळेवर पोहोचले नाही, तर लोक ते दारावरच्या नावाच्या खात्यावर मांडत. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या पाटीवर आजोबा-वडिलांची नावे जोडून लिहिली जातात, त्याला या पद्धतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि नागरी मोटारींचे उत्पादन १९४२ च्या आरंभी थांबले. युद्ध संपल्यावर जुन्याच नमुन्याच्या गाड्या काही काळ निघत राहिल्या. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोले कंपनीने संपूर्ण नव्या घडणीची मालवाहू गाड्यांची मालिका बाजारात आणली. ती १९५५ च्या आरंभापर्यंत चालली. आज जुन्या पिकअपचे चित्र काढावयास सांगितले तर अमेरिकन मूलही बहुधा हीच गाडी काढील, इतका तिचा चेहरा परिचित आहे. गोलाई घेतलेले मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, दोन तुकड्यांची समोरची काच. तिच्यातील सर्वांत लहान नमुना ‘३१००’ या क्रमांकाने ओळखला जातो. तो अर्ध्या टनाचा, म्हणजे नावाप्रमाणे सुमारे साडेचारशे किलो ओझ्याचा. हौदा साडेसहा फूट लांबीचा, त्याचा तळ पाइनच्या फळ्यांचा आणि फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या. इंजिन सहा सिलिंडरांचे, २१६ घन इंचांचे, ९० अश्वशक्तीचे. १९५० च्या सुमारास किंमत बाराशे डॉलरच्या आसपास.

ही गाडी बनविणाऱ्यांनी चैनीला फारसा वाव ठेवला नव्हता. मागचा दिवा एकच, डाव्या बाजूस. उजव्या बाजूचा हवा असेल तर वेगळे पैसे. केबिन उबदार ठेवणारा हीटर वेगळा, रेडिओ वेगळा. आसनावर खरे चामडे नसे, चामड्यासारखे दिसणारे कापड असे. गरजेपुरते द्यावे, अधिक हवे असेल त्याने अधिक मोजावे, हा व्यवहार व्यापाऱ्याला पटण्याजोगा आहे. गाडी टिकली ती या साधेपणामुळेच. तिच्यात बिघडण्याजोगे थोडे होते आणि जे बिघडे ते गावातला मिस्त्री नीट करू शके.

आता हिशेबाची बाजू पाहावी. घटत्या शिलकीच्या पद्धतीने वर्षाला २० टक्के घसारा धरला, तर बाराशे डॉलरची गाडी दहा वर्षांनी पुस्तकात सुमारे १२९ डॉलरची राहते, वीस वर्षांनी १४ डॉलरची, तीस वर्षांनी दीड डॉलरची. या पद्धतीचा एक विशेष असा की आकडा कितीही लहान झाला तरी शून्यावर येत नाही. काही ना काही शिल्लक राहतेच. ताळेबंदात ज्याला किंमत उरलेली नाही अशा मालमत्तेपुढे पूर्वीचे हिशेबनीस एक रुपया लिहून ठेवीत. तो रुपया किमतीचा नसे. वस्तू अजून आपल्याकडे आहे, एवढी आठवण राहावी म्हणून तो असे.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात अशा एक रुपयाच्या पिकअप पुष्कळ होत्या. नवी गाडी आली की जुनी कोठाराच्या मागे उभी राही. टायर बसत, हौद्याच्या फळ्या कुजत, आसनात उंदीर घर करीत. तरीही ती भंगारात देण्याचे काही घरांच्या जिवावर येई. अशा घरांपैकी एखादे डोळ्यांपुढे आणावे. आजोबांचे बियाण्यांचे दुकान होते. वडिलांनी ते चालविले. नातू शहरात नोकरी करतो. दुकान बंद झाले, शेत विकावयाचे ठरले आणि कोठाराची आवराआवर करताना गाडीवरील ताडपत्री दूर केली गेली. फिकट हिरव्या रंगाखाली दारावर अजून अक्षरे वाचता येतात. त्या क्षणी नातवाला निर्णय घ्यावा लागतो. भंगारवाला वजनावर पैसे देईल. हौशी ग्राहक थोडे अधिक देईल. तिसरा मार्ग म्हणजे ती घरी नेऊन पुन्हा उभी करणे. आणि उभी करावयाची ठरली, तर कोणत्या रूपात?

काम गाडी सुटी करण्यापासून सुरू होते. काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावावी लागते, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे लागते. ज्याने हा कंटाळा केला त्याची गाडी वर्षानुवर्षे खोक्यांतच पडून राहते. दारे, बोनेट, मडगार्ड, केबिन, हौदा एकामागून एक निघतात आणि शेवटी नुसती चॅसी उरते. मग दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून जुना रंग, गंज आणि आधी कोणी भरलेली पुट्टी काढून टाकली जाते.

ही पायरी सर्वांत क्लेशदायक असते. वरून धड दिसणारा पत्रा चाळणी झालेला निघतो. या गाडीत गंज लागण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. केबिनचे मागील खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, चढण्याचा फूटबोर्ड. जेथे चिखल साचतो आणि ओल टिकते तेथे. कधी काळी कोणी तेथे पुट्टी भरून वरून रंग दिलेला असतो. त्या पुट्टीखाली गंज शांतपणे पसरत गेलेला असतो. वाहनाचे हे लेखापरीक्षणच होय. दोष झाकला की वाढतो, उघडा केला की त्याला उपाय सापडतो. श्रावकाच्या आचारात आलोचनेला जे महत्त्व दिले आहे, त्यामागील विचार याहून निराळा नाही. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करणे हाच खरा इलाज. गंजावर रंग देणे म्हणजे बुडीत येणे पुस्तकात खणखणीत दाखविणे होय.

पत्रा शुद्ध झाला की दोन मार्ग फुटतात. एक मार्ग मूळ रूपात आणण्याचा. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करावयाची. रंग तोच, या मालिकेच्या आरंभीच्या वर्षांत कंपनी सरसकट देत असे तो गर्द हिरवा, फळ्या पाइनच्याच, विजेची यंत्रणा सहा व्होल्टचीच. दुसरा मार्ग आपल्या सोयीप्रमाणे फेरफार करण्याचा. बाहेरचे रूप जुने, आतील यंत्रे आजची. व्ही-आठ इंजिन, आपोआप बदलणारे गिअर, वातानुकूलन, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर. कोणी चॅसीच बदलून टाकतात आणि केवळ केबिन व हौदा जुना ठेवतात. या गाडीला लागणारे बहुतेक भाग आज नव्याने तयार होऊन मिळतात, त्यामुळे काय करता येईल याला जवळजवळ मर्यादा राहिलेली नाही. मर्यादा करणाऱ्याने स्वतःच घालून घ्यावी लागते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा भेद ओळखीचा वाटेल. वस्तू पूर्ववत चालू राहावी म्हणून केलेला खर्च महसुली, आणि तिची क्षमता वाढावी म्हणून केलेला खर्च भांडवली. एक दुरुस्ती, दुसरी सुधारणा. पुस्तकात ही सीमा स्पष्ट असते. गॅरेजमध्ये ती तशी राहत नाही. ब्रेकचेच उदाहरण घ्यावे. मूळ गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असून त्यांचे तेल एकाच मार्गाने जाते. एका नळीला गळती लागली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होऊ शकतात. गाडीत सुरक्षापट्टे नाहीत. वळण्याचा इशारा देणारे दिवेही मूळ सामानात नसत. चालक खिडकीतून हात काढी. मागील आसाचे गुणोत्तर ओझे ओढण्याच्या हिशेबाने ठेवलेले, त्यामुळे ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या पुढे इंजिन कण्हू लागते.

यात कोणाचा दोष नव्हता. गाडी ज्या रस्त्यांसाठी बनली ते रस्तेच निराळे होते. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्याचा कायदा १९५६ साली झाला, म्हणजे ही मालिका बंद पडल्यानंतर. ही गाडी गावाच्या सडकेची लेक होती आणि तिला राजरस्त्यावर आणावयाचे असेल, तर तिच्यात बदल करणे भाग आहे. पुढील चाकांना डिस्क ब्रेक, दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर, सुरक्षापट्टे, बारा व्होल्टची वीज, दोन्ही बाजूंना दिवे. हे फेरफार हौसेचे म्हणता येणार नाहीत. रस्त्यावर चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाचा विचार त्यात आहे. वारसा जपण्याच्या अभिमानापायी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे, हे अहिंसेचे व्रत मानणाऱ्याला मान्य होणार नाही.

इंजिनाच्या बाबतीतही असाच मध्यममार्ग आहे. मूळ २१६ घन इंचांच्या इंजिनात काही बेअरिंगांना तेल उडवून पोहोचविण्याची जुनी पद्धत होती. सतत वेगाने चालविल्यास ती अपुरी पडे. त्याच घराण्यातील २३५ घन इंचांच्या इंजिनात १९५४ पासून या पिकअपमध्ये दाबाने तेल पुरविण्याची व्यवस्था आली. थोड्या फेरफारांनी ते जुन्या गाडीत बसते. पुष्कळ जाणते हौशी हेच करतात. आवाज तोच राहतो, चेहरा तोच राहतो आणि गाडी अधिक विश्वासू होते. घराण्यातीलच धाकट्या भावाने थोरल्याची गादी सांभाळावी, तसे हे आहे.

परंतु येथपर्यंत आलेला मनुष्य क्वचितच येथे थांबतो. ब्रेक बदलले, मग चाके बदलावीशी वाटतात. चाके बदलली, मग जुना रंग शोभत नाही. हौद्याला पाइनऐवजी ओकच्या फळ्या येतात, त्यांवर आरशासारखे वॉर्निश चढते आणि पट्ट्या चकचकीत होतात. आसनावर खरे चामडे चढते. ज्या गाडीला कारखान्याने कधी प्राण्याचे कातडे लावले नव्हते, तिच्यात ते केवळ श्रीमंती दिसावी म्हणून येते. अखेर गाडी इतकी सुंदर होते की तिच्या हौद्यात पोते टाकण्याची कोणाची छाती होत नाही. ती झाकलेल्या ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जाते आणि ट्रेलरवरूनच घरी येते. ओझे वाहण्यासाठी जन्मलेली गाडी आता स्वतःच ओझे होऊन दुसऱ्या गाडीवर बसते.

आणि खर्च? या छंदात पडलेल्यांचा सर्वसाधारण अनुभव असा, की पूर्ण काम बाहेरून करवून घेतले तर लागलेला खर्च विक्रीतून क्वचितच वसूल होतो. शेकडो तासांची मजुरी कोणी परत देत नाही. येथे नफ्याचा हिशेब मांडणाऱ्याने मुळात पाऊलच टाकू नये. तथापि ज्या खर्चातून नफा नाही तो वाईट, असेही म्हणता येत नाही. आजोबांच्या हस्ताक्षरातील वही कातडी बांधणी टाकून कापडी बांधणीत नव्याने बांधवून घेण्यात कोणता नफा असतो? प्रश्न नफ्याचा नसून परिमाणाचा आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात परिग्रह-परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच अतिवाहन. लोभापायी जनावरांना त्यांच्या शक्तीबाहेर चालविणे हा त्याचा एक अर्थ. गरजेहून अधिक वाहने बाळगणे असाही तो समजावून सांगितला जातो. पुढे अतिसंग्रह, अतिविस्मय, अतिलोभ आणि अतिभारवहन येतात. यांतील विस्मय हा शब्द मोठा मार्मिक आहे. दुसऱ्याचे वैभव पाहून डोळे विस्फारणे, हाही तेथे दोषच मानला आहे. प्रदर्शनातील एका गाडीकडे पाहून आपल्या गाडीचा रंग फिका वाटू लागतो, तेव्हा नेमके हेच घडते. एक गाडी जपणारा नातू स्मृती जपतो. तोच पुढे दहा गाड्या जमवू लागला तर स्मृती मागे पडते आणि संग्रह उरतो. परिग्रह वस्तूत नसून मूर्च्छेत आहे, ही शिकवण प्रवचनांत वारंवार ऐकावयास मिळते. गॅरेजच्या दारात उभे राहिले की ती अधिक नीट समजते. वस्तूवर हात ठेवणारा आणि वस्तूने ज्याचा हात धरून ठेवला आहे तो, हे दोघे वरून अगदी सारखेच दिसतात.

या व्यवहारात दुसरा एक धोका आहे, आणि व्यापारी वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल. जुन्या, झिजलेल्या, अक्षरे उमटलेल्या गाड्यांना अलीकडे मागणी आहे. उन्हाने विटलेला रंग तसाच ठेवून त्यावर पारदर्शक लेप देण्याची रीत त्यातूनच आली. जेथे झीज खरी आहे तेथे ही रीत सुंदरच आहे. परंतु काही जण नव्या रंगाला मुद्दाम घासून जुनेपण आणतात आणि दारावर कधी अस्तित्वात नसलेल्या दुकानाचे नाव विटक्या अक्षरांत काढतात. स्वतःच्या मौजेसाठी, उघड सांगून केले तर ती चित्रकला झाली. ग्राहकाला ते खरे म्हणून विकले तर ती लबाडी झाली. हीच गोष्ट गाडीच्या ओळखीची. तिचा क्रमांक चालकाच्या दाराजवळील खांबावरील पाटीवर असतो. एका गाडीची पाटी काढून दुसरीवर लावणे म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने खाते चालविणे होय.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. खऱ्यासारखे दिसणारे खोटे खऱ्याच्या नावाने खपविणे, असा त्याचा आशय. तेथेच कमी-अधिक मापे ठेवण्याचाही दोष सांगितलेला आहे. बाजारपेठेत उभे राहूनच जणू हे लिहिले गेले, असे वाटावे इतके ते नेमके आहे. जुन्या गाडीच्या धंद्यात याचे पालन करण्याचा मार्ग साधा आहे. काय मूळचे, काय नवे, काय बदलले, याची लेखी यादी आणि कामाची छायाचित्रे ग्राहकाच्या हाती द्यावीत. चांगले कारागीर तसे करतातच. अशी यादी दिल्याने किंमत थोडी उतरते, पण नाव राहते.

येथे मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. इंजिन बदलले, ब्रेक बदलले, पत्र्याचा तिसरा हिस्सा नवा, फळ्या नव्या, रंग नवा. तर ही आजोबांचीच गाडी आहे काय? अनेकांताच्या अभ्यासकाला हा प्रश्न अडवीत नाही. द्रव्याच्या दृष्टीने होय, पर्यायाच्या दृष्टीने नाही. आणि दोन्ही विधाने आपापल्या नयाने खरी. समंतभद्रांनीच आप्तमीमांसेत यासाठी सोन्याचा दृष्टांत दिला आहे. सोन्याचा कलश मोडून त्याचा मुकुट केला, तर ज्याला कलश हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो हर्षित होतो आणि ज्याची दृष्टी सोन्यावर होती तो समभावात राहतो. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच वेळी, एकाच वस्तूत.

पुन्हा उभ्या केलेल्या पिकअपभोवतीही असेच तिघे आढळतात. मूळ रूपाचा आग्रही एक नवा स्क्रू पाहूनही हळहळतो. फेरफारांचा शौकीन नव्या इंजिनाचा आवाज ऐकून खूष होतो. तिसऱ्याने मात्र स्वतःला एक प्रश्न विचारलेला असतो, की या वस्तूतील सोने कोणते? लोखंड तर सोने नव्हे. ते गंजून गेले होते. आकारही नव्हे, तसा आकार आज नव्या पत्र्यातही मिळतो. ही गाडी ओझे वाहून नेण्यासाठी होती, आणि तिच्या दारावरील नाव ते ओझे सचोटीने पोहोचविण्याची हमी देत होते. हे दोन गुण शिल्लक असतील तर इंजिन कोणतेही असो, गाडी तीच आहे. हे दोन गेले असतील, तर प्रत्येक स्क्रू मूळचा असूनही ती केवळ तिची प्रतिमा आहे.

व्यापारी घराण्यांशी या गोष्टीचा संबंध केवळ दृष्टांतापुरता नाही. या अमेरिकन गाड्या मुंबईतही जुळविल्या जात. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडी येथे सुटे भाग जुळवून शेव्हरोले गाड्या तयार करण्यास प्रारंभ केला. भाग केवळ जुळविणाऱ्या नव्हे, तर देशातच उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना वाव देण्याचे धोरण सरकारने स्वीकारल्यावर १९५४ साली ते काम थांबले. आणि देशी मोटारधंद्याचे स्वप्न पाहणाऱ्यांत अग्रभागी होते ते सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील वालचंद हिराचंद दोशी. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले होते. घराण्याचा व्यवसाय कापसाचा आणि पेढीचा. वालचंदांनी तो मार्ग सोडून रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ केला आणि पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांत हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डी सोटो, प्लिमथ ही नावे असलेल्या मोटारी, तसेच डॉज आणि फार्गो मालट्रक बाहेर पडू लागले. ज्या वर्षी शेव्हरोलेची ती पिकअप अमेरिकेत प्रथम विक्रीस आली, तेच हे वर्ष.

वालचंदांनी घराण्याचे इंजिन बदलले, असे म्हणता येईल. कापसाच्या गाठी आणि हुंड्या पाहिलेल्या घराला पोलाद आणि यंत्रे दिसू लागली. कलशाचा मुकुट झाला. जुन्या पेढीवर प्रेम करणाऱ्या कोणाला त्या काळी हळहळ वाटली असेल, तर तिचा अनादर करण्याचे कारण नाही. कलश खरोखरच मोडला होता. परंतु व्यवसायाचे रूप पालटले तरी वडिलांचे नाव त्यांच्या नावापुढे राहिले, आणि आजही ते त्या दोन नावांनी मिळूनच ओळखले जातात.

आज अनेक पेढ्यांवर हाच प्रसंग आहे. मुलगा शिकून आला आहे. त्याला गादी-तक्के नकोत, संगणक हवा आहे. आडत नको, ऑनलाइन विक्री हवी आहे. वडिलांना वाटते की दुकानाचा चेहरामोहरा गेला. मुलाला वाटते की दुकान वाचले. पुष्कळदा दोघेही एकाच गोष्टीविषयी भांडत असतात, आणि ती गोष्ट सोने नसतेच. गंजलेल्या पिकअपवर काम करणारा कारागीर या वादात तीन प्रश्न विचारील. पुट्टीखाली गंज किती आहे, हे दोघांनी मिळून पाहिले काय? बदल कोणाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि कोणाच्या दिमाखासाठी? आणि काम पूर्ण झाल्यावर हौद्यात पोते टाकता येईल काय?

पहिल्या प्रश्नाला वडिलांनी सामोरे जावयाचे असते, कारण जुनी पुट्टी बहुधा त्यांच्या काळातील असते. दुसऱ्याला मुलाने. तिसरा दोघांचा. ज्या दुकानात ग्राहकाला पूर्वीइतकेच खरे माप, खरा भाव आणि खरा शब्द मिळतो, त्याची पाटी कितीही वेळा नव्याने रंगविली तरी ते दुकान जुनेच आहे. जेथे हे मिळत नाही तेथे शतकापूर्वीची सागवानी गादी केवळ प्रदर्शनाची आहे.

अमेरिकेतील काही नातवंडांनी आजोबांची पिकअप ट्रेलरवर चढविली नाही. डिस्क ब्रेक बसविले, पट्टे बसविले, २३५ चे इंजिन बसविले आणि रंग देताना कारागिराला एवढेच सांगितले, की दाराला हात लावू नये. शनिवारी सकाळी ती गाडी हार्डवेअरच्या दुकानापुढे उभी राहते, तिच्या हौद्यात सिमेंटची पोती पडतात आणि पाइनच्या फळ्यांवर नवे ओरखडे उठतात. ते ओरखडे कोणी पॉलिश करीत बसत नाही. दारावरील अक्षरे ऊन-पावसात आणखी थोडी फिकट झालेली असतात, पण वाचता येतात. आणि जोवर गाडी ओझे वाहते, तोवर ती वाचणाऱ्याला काही तरी खरे सांगत असतात.